नागसेनवनातील आमचे वसतिगृह

(संस्थेच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल दिवशी 'वसतिगृहातील दिवस' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेने केली. आम्ही काही वक्ते नव्हेत. आयुष्यभर नोकरी केली, आता सत्तरी ओलांडली आहे. बोलताना 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणत आहोत, त्याचे कारण आधीच सांगून टाकतो. ही हकीकत एकट्याची नाही. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासून ज्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले त्या शहरातील, मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. त्यातले आज तिघे हयात आहोत. हे भाषण तिघांनी बसून लिहिले आहे, वाचण्याचे काम तेवढे एकाकडे आले आहे.

बंधू-भगिनींनो, आमच्या आठवणींकडे येण्याआधी त्या वास्तूचा थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. कारण आजच्या मुलांना वसतिगृह म्हणजे एक सोय वाटते. आमच्या आधीच्या पिढीला ती सोय नव्हती, ती शिक्षणाची पहिली अट होती. कॉलेजने प्रवेश दिला, फी माफ केली, तरी रात्री पाठ टेकायची कुठे? शहरात खोली विचारायला गेले की घरमालक आधी गाव विचारी, मग आडनाव विचारी आणि मग खोली रिकामी नाही म्हणे.

हा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी घेतला होता. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मित्रांकडे विचारणा केली, पण कोणाच्या घरात जागा झाली नाही. त्या दिवशी ते एका बागेत बसून राहिले.

याच्या उलट एक गोष्ट न्यूयॉर्कची आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहाच्या सहवासात नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री जुळली आणि ती शेवटपर्यंत टिकली. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी १९२० साली बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा पैशाची मदत करणाऱ्यांत हा मित्र होता. धर्मशाळा पारशी आणि मित्रही पारशी! एकीकडे आडनाव कळताच दार बंद झाले. दुसरीकडे शेजारच्या खाटेवरचा माणूस अडचणीच्या वेळी उभा राहिला. वसतिगृह कशासाठी असते, ते या दोन प्रसंगांत आले आहे असे आम्हांला वाटते. पुढची हकीकत ऐकताना हे दोन्ही प्रसंग कृपा करून ध्यानात ठेवावेत.

वसतिगृहांची ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. सभा नवी होती, निधी थोडा होता, तरी वसतिगृह आधी काढले.

मराठवाड्याची स्थिती आणखी बिकट होती. निजामाच्या राज्यात पदवीचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. गावकुसाबाहेरच्या मराठी मुलाने तिथपर्यंत पोहोचायचे कसे? १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. ही सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केली होती, आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ पासून चालू होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसली. बांधकामाच्या काळात बाबासाहेब स्वतः औरंगाबादला येऊन राहत आणि कामावर देखरेख ठेवीत.

नाव दिले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. मोठमोठ्या पंडितांना प्रश्न विचारून निरुत्तर करणारा. त्याला भिक्खू नागसेन भेटले. चर्चा सुरू होण्यापूर्वी नागसेनांनी त्याला विचारले, की महाराज, वाद पंडितांप्रमाणे करणार की राजाप्रमाणे? पंडितांच्या वादात चूक दाखवली तर ती कबूल करतात, कोणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोधी बोलणाऱ्याला दंड होतो. मिलिंदाने पंडितांचा मार्ग पत्करला. शिकायला येणाऱ्या मुलाने प्रश्न विचारावा, आणि आपली चूक दिसली तर ती मान्य करावी, असा या नावाचा अर्थ आम्हांला आमच्या गुरुजनांनी सांगितला. तो अर्थ आम्हांला फार पुढे कळला, आणि कळला तो भाकरीच्या निमित्ताने.

आम्ही १९७१ च्या जूनमध्ये मॅट्रिक होऊन नागसेनवनात दाखल झालो. नांदेड, परभणी, जालन्याची मुले मीटरगेजच्या गाडीने स्टेशनवर उतरत. बीड, उस्मानाबादकडची मुले एस.टी.ने येत. उस्मानाबादचेही नाव आता धाराशिव झाले आहे. प्रत्येकाजवळ एक पत्र्याची पेटी, आईने शिवलेली वाकळ आणि भाकरीचे गाठोडे एवढेच सामान. वसतिगृहात एकमेकांना नावाने हाक मारण्याची रीत नव्हती, तालुक्यावरून नाव पडे. आमच्या खोलीत गेवराई, किनवट, जिंतूर आणि भूम असे चौघे होतो. त्यातला भूम आज बोलायला नाही.

भूम आमच्यात सर्वांत हुशार. इंग्रजीचा शब्दकोश विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून ग्रंथालयात बसून तो वहीत शब्द उतरवून घेई. 'ए' पासून सुरुवात केली होती. वहीवर त्याने लिहिले होते, 'रोज वीस शब्द'. रात्री जेवण झाले की ओट्यावर वाद रंगत. गंगाधर पानतावणे सर महाविद्यालयात मराठी शिकवीत, त्यांच्या 'अस्मितादर्श' त्रैमासिकाचा अंक हातोहात फिरे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, ती बातमी आली तेव्हा रात्रभर कोणी झोपले नाही. भूम कमी बोले, पण नेमका प्रश्न विचारी. "हे सगळं खरं, पण आपल्या गावात उद्या सकाळी काय करायचं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न.

मेस विद्यार्थीच चालवीत. दर वर्षी समिती निवडली जाई आणि किराणा, पीठ, हिशेब हे सारे तीच पाही. सकाळी भाकरी आणि पिठले, संध्याकाळी भाकरी आणि आमटी. आमटीतली डाळ शोधावी लागे, तरी घरच्यापेक्षा पोट भरलेले असे. घरी दोन्ही वेळची खात्री नव्हती. १९७२-७३ साली आमच्या खोलीतल्या दोघांना समितीवर निवडून दिले. आम्हांला त्याचा अभिमान होता.

आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. वडीलधाऱ्यांना तो दुष्काळ आठवत असेल. विहिरी आटल्या, गुरे बाजारात मातीमोल झाली. आमचे आईबाप खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेले. परदेशातून आलेला लाल मिलो लोक खात होते, कामावर सुकडी मिळत होती. घरून येणारी पाच-दहा रुपयांची मनिऑर्डर बंद झाली. उलट काही मुलेच स्कॉलरशिपमधून घरी पैसे पाठवू म्हणून वाट पाहत होती. पण त्या वर्षी स्कॉलरशिप दिवाळी उलटली तरी आली नाही.

मेसची बाकी वाढत चालली. ज्वारीचे भाव चढले आणि दुकानदाराने उधार बंद केले. समितीने बैठक घेतली आणि ठराव केला, की ज्याची दोन महिन्यांपेक्षा जास्त बाकी असेल त्याचे ताट बंद. ठराव आम्हीच मांडला, आम्हीच मंजूर केला. मेस बंद पडली तर सगळेच उपाशी राहतील, असा आमचा हिशेब होता. हिशेब चुकीचा होता असे आजही म्हणता येत नाही. मेसच्या दारावर नावांची यादी लागली. यादी आमच्यापैकी एकाच्या अक्षरातली होती, आणि तिच्यात भूमचे नाव होते.

त्या संध्याकाळी तो मेसमध्ये आला नाही. विचारले तर म्हणाला, "छावणीत आमचे एक पाहुणे राहतात, त्यांच्याकडे जेवून आलो." दुसऱ्या दिवशीही पाहुण्यांकडेच जेवला. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तेच. आम्ही विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर, विश्वास ठेवणे आम्हांला सोयीचे होते. एका खोलीत राहणारा माणूस रात्री तीनदा उठून माठातले पाणी पितो, हे आम्हांला ऐकू येत होते. छावणीत त्याचे कोणी पाहुणे नव्हते.

पाचव्या दिवशी त्याने पेटी खाटेखाली सारली, वाकळ खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "गावाकडं जाऊन पैशाचं बघतो, आठ दिवसांत येतो." आम्ही त्याला स्टँडवर पोहोचवायलाही गेलो नाही, तास होता. तो परत आला नाही.

फेब्रुवारी महिन्यात स्कॉलरशिप आली. पैसे वाटणाऱ्या कारकुनाने एकेक नाव पुकारले. भूमचेही नाव पुकारले. दोनदा पुकारले. सही करायला माणूस नव्हता, ती रक्कम परत गेली. मेसची त्याची सगळी बाकी फिटून वर पैसे उरतील, एवढी ती होती.

त्या रात्री ओट्यावर वाद झाला नाही. कोणीतरी त्याचीच पेटी उघडली. आत 'रोज वीस शब्द' ही वही होती. शेवटचा शब्द 'एच' मधला होता. तेव्हा समितीतल्या आम्ही दोघांनी सगळ्यांसमोर उभे राहून चूक कबूल केली. नियम समितीचा होता, पण ताट आमच्या मित्राचे होते. आम्ही तिघांनी आमच्या चार-चार भाकऱ्यांतली एक-एक बाजूला काढली असती तर त्याचे जेवण झाले असते. चार दिवसांत ते आम्हांला सुचले नाही. बाबासाहेबांना भथेना भेटला, आमच्या मित्राला आम्ही भेटलो!

मित्रहो, एक मात्र झाले. ताट बंद करण्याचा नियम त्याच रात्री खोडला गेला. डालड्याचा एक रिकामा डबा आणून मेसच्या कपाटात ठेवला. स्कॉलरशिप हाती आली की ज्याने-त्याने जमेल ते त्यात टाकायचे, आणि ज्याला गरज असेल त्याने त्यातून घ्यायचे. घेणाऱ्याचे नाव लिहायचे नाही, असे ठरले. पुष्कळ जण म्हणाले, हा डबा आठ दिवसांत रिकामा होईल. तो आम्ही बाहेर पडेपर्यंत, १९७५ पर्यंत, चालला. घेतलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पुढे आपापल्या सवडीने पैसे परत टाकले असावेत, कारण डब्यात कधी अडचण पडली नाही. ज्यांना जमले नाही, त्यांना कोणी विचारले नाही.

आम्ही भूमला पोस्टकार्ड पाठवले. क्षमा मागितली, परत ये म्हणून लिहिले. महिन्याने उत्तर आले. तो तलावाच्या कामावर होता, वडील आजारी होते, येणे शक्य नव्हते. यादीबद्दल एक शब्दही नव्हता. शेवटी एवढेच लिहिले होते, की धाकटा भाऊ पुढच्या साली मॅट्रिकला बसतो आहे, जमले तर त्याची सोय बघा, पेटी तिथेच असू द्या.

१९७४ च्या जूनमध्ये धाकटा भाऊ आला. आम्ही तिघे स्टँडवर घ्यायला गेलो होतो. त्याने मोठ्या भावाची पेटी उघडली, वही काढली आणि 'एच' च्या पुढे लिहायला लागला. पुढे तो शिक्षक झाला आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. भूम मात्र शेतमजुरीच करीत राहिला. भावाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात त्याची गाठ पडली. आम्ही हात धरून पुन्हा क्षमा मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या हो. डबा ठेवला ना तुम्ही? बारक्यानं सांगितलं." आणि मग विचारले, "अजून पोरं येतात का तिथं, लांबून लांबून?" काही वर्षांपूर्वी तो वारला.

बंधू-भगिनींनो, त्याने विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत. पोरं येतात. आजही येतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आपल्या या पुण्यात येतात. परिस्थिती सुधारली, यात शंका नाही. आमच्या धर्मांतरित समाजाला केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. त्यासाठी १९५६ पासून चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, लोकांनी घरेदारे गमावली, प्राण गमावले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. शासनाची वसतिगृहे झाली. तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. पण अशी योजना काढावी लागली याचाच अर्थ वसतिगृहातल्या खाटा अपुऱ्या आहेत. पैसे खात्यावर येतील तेव्हा येतील, तोवर घरमालकाला आगाऊ रक्कम कुठून द्यायची? आणि फोनवर आडनाव विचारून मग जागा नाही म्हणणारे घरमालक संपले आहेत, असे इथे बसलेल्यांपैकी किती जण छातीवर हात ठेवून म्हणतील?

आपल्या विहाराच्या वरच्या मजल्याचे काम यंदा पूर्ण झाले. तो मजला समारंभांसाठी भाड्याने द्यावा, त्यातून संस्थेला उत्पन्न होईल, असा एक विचार कार्यकारिणीपुढे आहे. हा विचार मांडणारे आमचे मित्रच आहेत आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. आमचाही नव्हता. म्हणून विनंती एवढीच, की यादी दारावर लावण्यापूर्वी तिच्यात कोणाचे नाव जाते आहे ते एकदा पाहावे. त्या मजल्यावर चार खोल्या आहेत. एकेका खोलीत तीन म्हटले तरी बारा मुले राहतील. मुलींसाठी त्यातल्या दोन ठेवाव्यात, कारण गावाहून आलेल्या मुलीची जागेवाचून होणारी अडचण मुलापेक्षा मोठी आहे. जात-धर्म विचारू नये. मिलिंद महाविद्यालयाचे दार बाबासाहेबांनी सर्वांसाठी उघडे ठेवले होते. ज्याची स्कॉलरशिप उशिरा येईल त्याच्याकडे तोपर्यंत तगादा लावू नये. लग्नसमारंभाच्या उत्पन्नातली जी तूट येईल, तिच्यासाठी आम्ही तिघांनी आमच्या निवृत्तिवेतनातून दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे पत्र आजच अध्यक्षांच्या हाती दिले आहे. इतरांनी यथाशक्ती भर घालावी.

नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचा दाखला दिला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. हे सगळे एकत्र आल्यावर त्याला रथ म्हणतात. तसेच भिंत म्हणजे वसतिगृह नव्हे, आणि खाट म्हणजेही नव्हे. नागसेनवनात आम्हांला भिंती मिळाल्या, खाटा मिळाल्या, ग्रंथालय मिळाले, थोर गुरुजन मिळाले. एक वस्तू आम्ही आणायची होती, ती आणायला आम्हांला उशीर झाला. तुम्ही उशीर करू नये.

ही स्मरणिका छापून येईल तेव्हा शैक्षणिक वर्ष सुरू होत असेल. सोबत आम्ही एक डबा आणला आहे. डालड्याचा नाही, साधा स्टीलचा आहे. तो कार्यालयाच्या टेबलावर ठेवून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!